सातव्याचं बोलावणं

श्रीपाद चिंदरकर मास्तर आणि त्यांची मुलगी सुनीती गेले अकरा महिने एकमेकांशी कावेरीबाईंमार्फत बोलत होते. सुनीती मुंबईला संशोधन करायची, तेव्हा एरवी हा कारभार पत्रांवर भागायचा. ती आईच्या नावाने पत्र लिही, मास्तर ते आधी स्वतः दोनदा वाचत आणि मग बायकोला सांगत, की तुझ्या मुलीचं पत्र आलेलं दिसतंय. पण ती सुट्टीला मालवणला आली की प्रकरण अवघड होई. तिघं जेवायला बसलेली, आमटीचं पातेलं सुनीतीच्या हाताशी, आणि मास्तर कावेरीबाईंकडे बघून म्हणणार, "तिका सांग, आमटी वाढ म्हणान." सुनीती आमटी वाढून आईकडे बघणार, "बाबांक इचार, भात व्हयो काय?" कावेरीबाई बिचाऱ्या डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे निरोप पोचवत राहायच्या, आणि त्यांचा स्वतःचा भात निवून जायचा.

याचं मूळ खारेपाटणच्या स्थळात होतं. मुलगा बँकेत होता, घर कौलारू आणि ऐसपैस, मंडळी सज्जन. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, की मुलगी मुंबईला नेमकं काय करते. मास्तर म्हणाले, "सरकारी संशोधन." हे उत्तर भारदस्त होतं आणि तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण सुनीती पोह्यांच्या बशा घेऊन त्याच वेळी बाहेर आली आणि म्हणाली, "मी माशांच्या डोळ्यांवर काम करते." मंडळींनी बशा हातात घेतल्या, पण पोहे कोणी खाल्ले नाहीत. माशा म्हणजे फळांवर घोंगावणाऱ्या चिलटाएवढ्या माशा, हे तिने आणखी स्पष्ट करून सांगितलं. पुढे तिने प्रबंध पुरा होईपर्यंत लग्नच नको म्हणून कळवलं, ते निराळं. मास्तरांना घाव बसला तो पोह्यांपाशी. चौतीस वर्षं ज्यांनी मालवणातल्या पोरांना गणित शिकवलं, त्यांना स्वतःची मुलगी काय करते हे सांगता येऊ नये, आणि सांगितलं तर पाहुण्यांची भूक मरावी! तेव्हापासून त्यांनी मौन धरलं. सुनीती त्यांचीच मुलगी असल्यामुळे तिनेही धरलं.

अशात १९८९च्या एप्रिलात ती बांबूची एक टोपली घेऊन घरी आली. टोपलीत कापसाचे बोळे घातलेल्या सहा काचेच्या बाटल्या होत्या आणि बाटल्यांत पांढऱ्या डोळ्यांच्या बारीक माशा. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं, ही म्हण मास्तरांच्या ओठांवर आली. पण तूर्तास व्याहीच नसल्यामुळे त्यांनी ती गिळली.

भानगड अशी होती. मुंबईच्या प्रयोगशाळेत माशांवर कोळ्यासारखी बारीक कीड पडली होती. सुनीतीने तीन वर्षं खपून हजारो माशांतून एक वेगळी जात शोधली होती. तीच गेली तर प्रबंध गेला, तीन वर्षं गेली. निरोगी होत्या तेवढ्या ती इकडे घेऊन आली. तिकडे जाऊन तिला सगळी साफसफाई करायची होती, म्हणून सहा आठवडे माशा मालवणात कोणीतरी सांभाळायला हव्या होत्या. कावेरीबाईंना वळवळणाऱ्या कुठल्याही वस्तूची शिसारी होती. राहता राहिले मास्तर.

त्या संध्याकाळी पडवीत सूचनांची सभा भरली. सुनीती आईला सांगे, आई नवऱ्याला सांगे, नवरा बायकोला म्हणे, की समजलं म्हणून सांग. दर चौदा दिवसांनी माशा नव्या बाटलीत घालायच्या. खाऊ मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि चायनाग्रास यांचा. ऊन लागू द्यायचं नाही. धूप नको, अगरबत्ती नको. सुनीतीने अशा एकूण अकरा सूचना दिल्या आणि कावेरीबाईंनी दहा पोचवल्या. अकरावी अशी होती, की बाटली उघडताना खोलीत पिकलेलं फळ नको. मे महिन्यात मालवणातल्या घरात आंबा नको, ही गोष्ट नवऱ्याला सांगण्याच्या लायकीचीच नाही असं कावेरीबाईंनी परस्पर ठरवलं. जाताना सुनीतीने एक वहीही आईच्या हाती दिली. मास्तरांनी ती न उघडताच कपाटावर ठेवली. आपण जन्मभर वह्या तपासल्या, वाचल्या नाहीत, असं काहीसं ते म्हणाले.

माशा पाळणं ही एकट्याने करायची गोष्ट नव्हे, हे मास्तरांना पहिल्याच आठवड्यात कळलं. किराणा दुकानदाराने गूळ आणि यीस्ट एकाच पुडक्यात बांधताना मास्तरांकडे असं पाहिलं, की मास्तरांना तिथल्या तिथे आपण दारू गाळत नाही असा खुलासा करावा लागला. त्याने तो दुकानातल्या सगळ्यांनी ऐकावा इतक्या मोठ्याने मान्य केला. मग उष्म्याचा प्रश्न आला. शेजारचे भाई आंब्याचे व्यापारी. त्यांच्या मते नाजूक माल गवतात ठेवावा. पलीकडच्या घरातल्या सत्यवतीबाईंच्या मते मातीच्या मडक्यात. शेवटी मास्तरांनी टोपली विहिरीत पाण्याच्या हातभर वर दोरीने टांगली. दोन दिवस माशा सुखात राहिल्या. तिसऱ्या दिवशी सत्यवतीबाई कळशी घेऊन आल्या, वाकून बघितलं आणि तशाच परत गेल्या. दुपारपर्यंत मास्तरांनी विहीर बाटवल्याची वार्ता अख्ख्या भरडावर, म्हणजे मास्तरांच्या आळीत, पसरली. टोपलीतल्या बाटल्या मडक्यात गेल्या. सत्यवतीबाई म्हणाल्या, की मी आधीच सांगितलं होतं.

मग हिवतापवाले आले. दरवर्षी ते घरोघर फवारणी करत आणि दारावर तारीख लिहून जात. मास्तर दरवर्षी त्यांचं स्वागत करत, एवढंच नव्हे, तर फवारणी नको म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना नागरिकशास्त्र ऐकवत. यंदा ते उंबरठ्यावर हात आडवे धरून उभे राहिले. फवारणी करणारा गंगाराम त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्याने अदबीने एक छापील कागद पुढे केला. फवारणी नाकारण्याचं कारण: घरात आजारी, बाळंतीण, देवघर, इतर. मास्तरांनी 'इतर'पुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पाळीव माशा असल्याने.' गंगारामने ते वाचलं, टोपी काढली, पुन्हा वाचलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "ह्या मी वरती पाठवू कसा?"

मास्तर म्हणाले, की जसं आहे तसं. गंगाराम गेला. पण जाताना त्याने साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं पुटपुटत आठवण काढली, की सातवीत बदली तासाला मास्तरांनीच 'माशी – आपला शत्रू' असा निबंध लिहायला लावला होता आणि त्यात आपल्याला दहापैकी तीन गुण मिळाले होते.

आणि एवढं सगळं होऊनही खरी गंमत अशी, की मास्तरांना माशांचा लळा लागत चालला होता. सकाळी चहाच्या आधी ते मडक्यात डोकावत. त्या कशा आहेत हे कावेरीबाईंना सांगत, आणि मुंबईच्या पत्रात लिही म्हणत. स्वतः मात्र एक ओळ लिहीत नसत.

चौदाव्या दिवशी त्यांनी माशा नव्या बाटल्यांत घातल्या. त्याच टेबलावर भाईंनी आदल्या दिवशी दिलेले डझनभर पायरी आंबे घमघमत होते. पुढच्या दहा-बारा दिवसांत बाटल्यांत नवी पिढी आली, आणि काय आश्चर्य, तीत कितीतरी माशांचे डोळे लालभडक! मास्तर हरखले. मुंबईच्या बंद खोलीत पांढरेफटक पडलेले डोळे मालवणच्या हवेने आणि आपल्या हातच्या खाऊने असे तेजस्वी झाले, हे उघडच होतं. त्यांनी भाईंना बोलावून दाखवलं. भाईंनी भिंगातून पाहून मान हलवली आणि म्हणाले, की पोरगी तिकडे काय खाते कोण जाणे, तिलाही थोडे दिवस इकडे ठेवा.

त्याच दुपारी पोस्टमन लवू सुनीतीचं कार्ड घेऊन आला. लवू कार्ड वाचूनच देत असे. मजकूर दारातूनच ओरडून सांगायचा. तो नेहमीसारखा दारातून ओरडला नाही. कार्ड हातात देऊन उभाच राहिला. सुनीतीने आईला लिहिलं होतं, की मुंबईच्या सगळ्या बाटल्या किडीने गेल्या. एकही वाचली नाही. 'आता काय त्या घरच्याच उरल्या. आई, बघून कळव, सगळ्यांचे डोळे पांढरेच आहेत ना? बाबा बाटल्या उघडतात तेव्हा आंबे बाहेर ठेवतेस ना?'

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

"आंबे घरात नको म्हणत होती," कावेरीबाई हळूच म्हणाल्या. "मे म्हयन्यात? माका वाटला, ता काय सांगण्यासारख्या न्हय."

मास्तरांनी कार्ड पुन्हा वाचलं. त्यांच्या मनात आलं, की मुलीने सांगितलं ते आपल्या कानांनी ऐकायचं सोडून आपण भिंतीकडे बघत बसलो होतो. मग चूक बायकोची कशी? ते उठले, कपाटावरची वही काढली आणि खिडकीशी जाऊन बसले.

पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'बाबांसाठी'. सुनीतीचं अक्षर लहानपणापासून त्यांच्यासारखंच होतं, हे त्यांच्या आज नव्याने लक्षात आलं.

'बाबा, माशीचा एक डोळा म्हणजे साडेसातशे बारीक डोळ्यांची वस्ती. त्या एकेकात उजेड ओळखणाऱ्या आठ पेशी. कुठल्या पेशीने काय व्हायचं हे आधी ठरलेलं नसतं, ते शेजारी ठरवतात. मसुऱ्याला, आपल्या मूळ गावी, पालखीच्या वेळी पहिला मानकरी उभा राहतो, तो पुढच्या दोघांना हाक मारतो, मग आणखी दोघं, आणखी दोघं, आणि बोलावल्याशिवाय कोणी पुढे होत नाही. तसंच हे. सर्वांत शेवटी सातव्याला बोलावणं जातं. ते पोचलं तर तो डोळ्याचा मानकरी होतो. जो उजेड तुम्हाआम्हाला दिसत नाही तो त्याला दिसतो. नाही पोचलं तर तो मरत नाही, पण नुसतं भिंग होऊन बसतो. त्याच्यातून उजेड जातो, त्याला स्वतःला काही दिसत नाही.

काही माशांत सातव्याला कानच नसतो. काहींत बोलावणाराच बोलावत नाही, हे अलीकडे कळलं. माझ्या माशीत हाक मारणारा ठीक, ऐकणाऱ्याचा कानही ठीक. निरोप पडवीपर्यंत येतो आणि माजघरात जात नाही. मध्ये कोण अडतं, ते मला शोधायचं आहे.'

समासात तिने लिहिलं होतं, की सगळ्यांत आधी येणाऱ्या पेशीला आम्ही 'आठवी' म्हणतो, त्याबद्दल गणिताच्या मास्तरांनी क्षमा करावी. मास्तरांना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. पडवी आणि माजघर वाचताना त्यांना आधी वाटलं, हा टोमणा आहे. त्यांनी ते पुन्हा वाचलं. टोमणा नव्हता. आपल्या बापाला हे समजेल असं गृहीत धरून तिने शांतपणे लिहिलं होतं, आणि तो बाप वही कपाटावर ठेवून लाल डोळ्यांच्या माशा शेजाऱ्यांना दाखवत बसला होता.

शेवटच्या पानावर उपाय होता. लाल डोळ्यांच्या माशा बाहेरच्या, आंब्यावरच्या, नाहीतर त्यांच्या वंशातल्या. त्या शिरल्या तर नुकत्या जन्मलेल्या पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आठ तासांच्या आत वेगळ्या काढायच्या, बाहेरच्या नराशी त्यांची गाठ पडण्यापूर्वी, आणि पांढऱ्या डोळ्यांच्याच नरांबरोबर ठेवायच्या. माशा निवडताना निपचित पडाव्यात म्हणून बाटली बर्फावर धरायची.

तर अशा रीतीने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मास्तर माशांच्या सोयरिकी जमवू लागले. पहाटे बाटल्यांतल्या जुन्या माशा काढून टाकायच्या, सकाळी बंदरावर जाऊन मासेवाल्यांकडून बर्फाचा तुकडा आणायचा, दुपारी नव्या माशा त्यावर झोपवून भिंग आणि रंगाचा ब्रश घेऊन निवडायला बसायचं. बर्फाला बांगड्याचा वास येई आणि मांजर पायाशी बसून राही. नर कुठला आणि मादी कुठली हे शेपटीकडचा रंग बघून ठरवताना मास्तर दार लोटून घेत. सभ्य माणसाने उघड्यावर करायचं काम नव्हे ते. पण भरडावर काय लपतं? मास्तर कूळ बघूनच जावई घेतात, डोळा लाल असला तर दारातून परत, असं लोक म्हणायला लागले. मास्तर तेही सोसत होते. एकदा मात्र सत्यवतीबाई विहिरीवर कोणाला तरी म्हणाल्या, "चेडवाचा जमाक नाय, आता माशांचा जमयतत." मुलीवरचा हा शेरा ऐकायला मास्तर खिडकीत होते. त्यांच्या हातातला ब्रश थांबला. थोड्या वेळाने त्यांनी पुढची माशी उचलली.

अडचण एकच होती. भाईंच्या घराची आणि यांच्या घराची भिंत एक, आणि भिंतीपलीकडे भाईंची शेकडो आंब्यांची अढी पिकत होती. माशांची फौज तिथूनच येई. ऐन हंगामात व्यापाऱ्याला आंबे हलव म्हणणं मास्तरांच्या जिभेवर येईना. चार दिवस त्यांनी शब्द जुळवले. पाचव्या दिवशी भाईच आले. लवूने कार्डातला मजकूर त्यांनाही सांगितला होता.

"मास्तरांनू, अढी मी भावाकडे हलयतंय," ते म्हणाले. "आंबे खंय पण पिकतत. चेडवाची तीन वर्सां खंय पिकतली?"

 आंब्यांच्या टोपल्या उचलायला मास्तरांनी स्वतः हात लावला, आणि सत्यवतीबाईंनीही दोन उचलल्या.

मेअखेर सुनीती आली तेव्हा मडक्यात दोन बाटल्या होत्या आणि त्यांत सगळे मिळून त्रेचाळीस जीव. मास्तरांनी काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं. ते शुद्ध भाषेत होतं आणि त्याला सुरुवात, मध्य आणि समारोप होता. सुनीती पडवीची पायरी चढली, तिची पिशवी अजून खांद्यावरच होती, आणि मास्तर सगळं विसरले.

"सुनीती, माजी चूक झाली," ते म्हणाले. "बाटलीत भायरची माशी गेली. लाल डोळे बघून मी खूश झालंय. तुजी वही मगे वाचलंय. आधी वाचूक व्हयी होती."

"अगो, बाबा म्हणतत काय—" कावेरीबाईंनी सवयीने सुरुवात केली, आणि त्या मध्येच गप्प झाल्या.

सुनीती वडिलांकडे बघत राहिली. मग तिने पिशवी खाली ठेवली.

"बाबा, ह्या माझ्या हातसून दोनदा झाला. पयल्या वर्साक," ती म्हणाली. "मी कोणाक सांगूक नाय."

तिने बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. डोळे पांढरे होते, पण तेवढ्याने भागत नव्हतं. आतला सातवा खरंच नाही ना, हे बघायला सूक्ष्मदर्शक हवा. शाळेच्या प्रयोगशाळेत एक होता. शाळेला सुट्टी, किल्ली शिपायाकडे, शिपाई बहिणीकडे काळशाला. मास्तरांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणालातरी हक्काने हुकूम सोडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली आली.

बाप-लेक शाळेत चालत गेली. सुनीतीने माशीचं मोहरीहून बारीक डोकं खोबरेल तेलाच्या थेंबात काचेवर ठेवलं, खालून आरशाने उजेड पाडला आणि नळीला डोळा लावला. मास्तर बाकाजवळ उभे होते. परीक्षेचा निकाल त्यांनी चौतीस वर्षं लावला होता. निकालाची वाट बघायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. तिने काच दोनदा सरकवून पाहिली. मग बाजूला झाली आणि म्हणाली, "बगा."

मास्तरांनी चष्मा काढून पाहिलं. अंधारात उजळ ठिपक्यांचे घोळकेच घोळके होते. त्यांनी एक घोळका मोजला. सहा. दुसरा मोजला. सहा. प्रत्येकाच्या मधोमध, जिथे सातवा असायला हवा होता, तिथे काळोख होता; आठवा त्याच्या खाली दडलेला असतो, तो वरून दिसत नाही, हे त्यांनी वहीत वाचलं होतं. त्यांनी आणखी कितीतरी मोजले, आणि कुठेही सातवा नव्हता. सुनीतीची माशी शाबूत होती. त्यांना मान वर करवेना, कारण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते सरकारी यंत्रावर पडत होतं.

सुनीतीने त्यांच्या हातात रुमाल दिला. मग म्हणाली, की या जातीला अजून नाव नाही. जो शोधतो तो ठेवतो. तुम्ही सांगा.

"माजाच नाव घाल," मास्तर म्हणाले. "हाक ऐकाक येता, पण आत पोचणा नाय, असो दुसरो कोण आसा?"

सुनीती हसली नाही. तिने काचेवरचं तेल पुसलं, दिव्याची वात कमी करावी तसा आरसा हळूच वळवला.

"तुमचा नाव मी देवचंय नाय," ती म्हणाली. "तुमका पोचली, बाबा. उशिरान पोचली, पण पोचली."

मास्तरांनी चष्मा पुसला, घातला, खडूचा डाग नसतानाही हात झटकले. मग त्यांनी आपल्या मुलीला तिच्या कामाबद्दल पहिला प्रश्न विचारला: तो सातवा जो उजेड बघतो, जो आपल्याला दिसत नाही, तो कसा असतो?

"माका पण म्हायत नाय," सुनीती म्हणाली, आणि बाकावर त्यांच्यासाठी जागा करत सांगू लागली.